मेश्राम सिस्टर हॉटेलात उतरतात

आमच्या नेरमध्ये मेश्राम सिस्टरांची सही मिळवणं फार अवघड आहे. कुरिअरवाल्याला विचारा. त्यांच्या दारी पार्सल आणलं की तो आधी पायरीवर बसूनच घेतो. सिस्टर पार्सल हलवतात, कानाशी धरतात, चारही बाजूंनी पत्ता वाचतात आणि मग कात्री शोधायला आत जातात.

"पाह्यल्याशिवाय सही नाही बाप्पा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. गॅसचं सिलिंडर असो की विहारातल्या पौर्णिमेच्या खिरीचं पातेलं. एका लग्नाच्या नोंदणीला त्यांना साक्षीदार म्हणून बोलावलं, तर त्यांनी नवरदेवालाच समोर बसवलं. नाव, वय, शिक्षण, आणि रोज कोणती गोळी घेतोस? बिचाऱ्यानं रक्तदाबाची कबूल केली. मुलीकडच्यांना तोपर्यंत त्याचा पत्ता नव्हता.

ही सवय नोकरीतली. सरकारी दवाखान्यात बत्तीस वर्षं त्या नर्स होत्या. एकदा वॉर्डाचा चार्ज घेताना कागदावर ब्लँकेटं वीस आणि कपाटात सतरा निघाली. मोठे डॉक्टर म्हणाले, "करून टाका हो सही." सिस्टर कपाटासमोर खुर्ची टाकून बसल्या. संध्याकाळपर्यंत तीन ब्लँकेटं कुठून कुठून चालत आली.

अशा या सिस्टर गेल्या हिवाळ्यात माझ्या दारात उभ्या राहिल्या. मी शाळेत शिकवते म्हणून मला मास्तरीणबाई म्हणतात.

"मास्तरीणबाई, नागपूरले येते काय? दोन दिवस. मोठ्या हॉटेलात."

त्यांच्या पल्लवीनं, एकुलत्या एक लेकीनं, कॅनडाहून खोली बुक केली होती. सिस्टरांचा पासष्टावा वाढदिवस होता. मी लगेच रजा टाकली. तसल्या हॉटेलात मीही कधी राहिले नव्हते.

एसटीनं नागपूर आणि पुढं रिक्षा. दार उघडून धरणाऱ्या दरबानाला सिस्टर म्हणाल्या, "बस नं भाऊ, किती वेळ उभा राह्यशील?" काउंटरवरच्या मुलीनं कागद पुढं केला.

"मॅम, इथं साइन."

"कायची सही?"

"रूम मिळाल्याची."

"कुठं मिळाली? मी त इथंच उभी आहे!"

मागं रांग लागली. एक सूटवाले गृहस्थ सारखे घड्याळ पाहू लागले. "बीपी वाढते असं केल्यानं," सिस्टरांनी त्यांना सांगितलं. शेवटी सहीविनाच किल्ली मिळाली.

खोली चौथ्या मजल्यावर. जाड गालिचा, मखमली पडदे, दोन प्रशस्त पलंग. मी खूश. सिस्टरांनी चष्मा चढवला. वरची शुभ्र चादर उचलली, तर खालच्या चादरीवर कोणाचा तरी लांब केस. गादीचा कोपरा उलटला, तर चहाचा डाग. किटलीच्या तळाशी पांढरा थर. न्हाणीघरात बादली-मग काहीच नाही, आणि भिंत काचेची.

"आंघोळ करायची का शोकेसमधी बसायचं?" सिस्टरांनी खाली फोन लावला.

मॅनेजर हसतमुखानं आला. "मॅम, आजवर आमच्याकडे अशी तक्रार आलेली नाही."

"कारण आजवर कोणी चादर उचलली नाही."

"तुम्हाला वरची मोठी खोली देतो. सोबत केक पाठवतो."

"केक कायले? मी चादर मागून राह्यली."

"मॅम, वरून तलाव दिसतो."

"मले झोपायचं आहे, तलाव काहून दाखवता? अन् ही खोली तुम्ही दुसऱ्याले द्याल, असाच केस ठेवून. नाही. मले हीच पाह्यजे, अन् साफ पाह्यजे."

मॅनेजरनं खोल्या साफ करणाऱ्या लताबाईंना बोलावलं. पन्नाशीची बाई, घामाघूम झालेली. त्यानं आमच्यासमोरच तिला झापलं. "असं काम करता? उद्यापासून येऊ नका."

सिस्टरांचा आवाज एकदम खाली आला. वॉर्डात याच आवाजाला डॉक्टरही बिचकत असत.

"थांबा. बाई, आज किती खोल्या झाल्या तुमच्या?"

"ही अठरावी."

"एकटीनं?"

"जोडीदारीण काढली नं मागच्या महिन्यात."

सिस्टर मॅनेजरकडे वळल्या. "ऐकलं? केस हिच्यानं नाही राह्यला, तुम्ही माणूस कमी केल्यानं राह्यला. हिले काढलं त मी खाली काउंटरजवळ खुर्ची टाकून बसन. येईल त्याले सांगन, आधी गादी उलटून पाहा."

मॅनेजरनं आशेनं माझ्याकडे पाहिलं.

"बसतील त्या," मी म्हटलं.

"कोणी काढत नाही त्यांना, मॅम."

"लिहून द्या. अन् खाली सही करा."

त्यानं हॉटेलच्याच कागदावर लिहून दिलं. सिस्टरांनी ते दोनदा वाचलं, घडी घालून लताबाईंच्या हातात ठेवलं आणि पदर खोचला. मग दोघींनी मिळून दोन्ही पलंगांवर नव्या चादरी घातल्या. "कोपरा असा दुमडा, पेशंट कितीही वळवळला तरी निघत नाही," सिस्टर शिकवत होत्या आणि लताबाई पहिल्यांदाच हसत होत्या.

संध्याकाळी पल्लवीचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे सकाळ झाली होती.

"आई, कसं आहे हॉटेल?"

मी सावरून बसले. आता अर्धा तास तरी यादी चालणार.

"लय झकास," सिस्टर म्हणाल्या. "राणीसारखं ठेवलं मले."

"खरंच? आई, सॉरी ना गं. ऐनवेळी रजा रद्द केली त्यांनी. पुढच्या वर्षी नक्की येते, तेव्हा याच खोलीत राहू आपण दोघी."

"ये नं. काही घाई नाही."

फोन बंद झाला. तोवर मला वाटत होतं की असल्या हॉटेलात खोलीत दोन पलंग असतातच.

सिस्टर खिडकीजवळच्या पलंगावरची, तिथं नसलेली सुरकुती हातानं सारखी करत होत्या. "तू इथं झोप," त्या माझ्याकडे न पाहता म्हणाल्या. "लहानपणी एसटीत खिडकी नाही भेटली का पल्लवी रडे. म्हणून तिच्यासाठी खिडकीजवळचा मागतला होता मी."

"मग तुम्हीच झोपा ना तिथं, सिस्टर."

"नाही. भरलेला पाह्यजे तो. रिकामा पलंग मले पाहवत नाही."

बाहेर अजून उजेड होता. मी चपला काढल्या आणि तशीच जाऊन त्या पलंगावर आडवी झाले.