धायगुडे सरांचा कॉमा

धायगुडे सर बोलताना विरामचिन्हंसुद्धा तोंडानं सांगत. "चहा आण कॉमा साखर कमी कॉमा ग्लास धुऊन आण फुलस्टॉप." शिरूरला एसटी स्टँडमागं त्यांचा टायपिंगचा क्लास होता. पोरांना मजकूर सांगता सांगता ही सवय लागली असावी, असं मी धरून चालले होते. विचारायचं धाडस कधी झालं नाही.

मी न्हावऱ्याची. आमच्या घरात कॉलेजात गेलेली पहिलीच. तीसच्या स्पीडची, म्हणजे मिनिटाला तीस शब्दांची, इंग्रजी टायपिंगची परीक्षा मी एकदा नापास झाले होते, ती कॉमांपायी. मी कॉमाच्या आधी जागा सोडायचे. सरांचे वडील मेंढरं राखायचे, त्यामुळं सरांचं व्याकरणही तिकडूनच यायचं. "कॉमा म्हंजी लहान कोकरू. आपल्या शब्दाला चिकटून पायजे. मधी जागा सोडलीस की लांडगा न्हेतो." लांडगा म्हणजे परीक्षक.

आमच्या मशिनवर उद्गारचिन्हाचं बटण नव्हतं. वरची बारकी रेघ मारायची, एक घर मागं यायचं, मग खाली टिंब द्यायचं. सर म्हणत, "नवल वाटायला एवढा खटाटोप पडतो, तर मानसानं कमीच वाटून घ्यावं."

यंदा पास झाले नाही तर क्लास बंद, असं आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, बजावलं होतं. परीक्षा दौंडला. मशिनं ज्याच्या त्याच्या क्लासनं तिथं न्यायची असत. सरांनी टेम्पो केला. बाकीची मशिनं पोत्यांत बांधलेली, माझं तेवढं गोधडीत गुंडाळलेलं, आणि ते मांडीवर घेऊन सर मागं हौद्यात बसलेले.

"सर, पुढं बसा की," ड्रायव्हर म्हणाला.

"हादरलं तर पोरीचे कॉमे उडत्याल. तू हळू चालव फुलस्टॉप."

परीक्षेत पहिल्याच ओळीला कॉमा उठेना. बटण खाली जायचं, कागदावर काही नाही. वाकून पाहिलं, तर कॉमाचा ठसा उठवणाऱ्या काडीला गोधडीचा लाल दोरा गुंडाळलेला. केसातली पिन काढून तो ओढला, आणि कॉमा आपल्या शब्दाला जाऊन चिकटला.

बाहेर आल्यावर तो दोरा सरांना दाखवला. त्यांनी तळहातावर घेतला, बोटानं सरळ केला.

"गोधडी आमच्या हिनं शिवलेली हाय," ते म्हणाले. "ती गेल्यापास्नं कुणाला दिली नव्हती. म्हटलं, मशिन जपून जाईल." मग चाचरत, "पेपर झाला का?"

"पुरा झाला, सर."

सर तिथंच पायरीवर बसले आणि त्यांनी टोपी काढून तोंड पुसलं.

मी पास झाले. एका दुपारी पेढे घेऊन क्लासला गेले. समोर नवा कॉम्प्युटरचा क्लास निघाला होता. पोरं पार जिन्यापर्यंत उभी होती. सर इकडं एकटेच मशिनं पुसत होते.

"आता कशाला येशील तू," पेढा हातात धरून ते म्हणाले.

"आप्पांनी चाळीसच्या परीक्षेला बसायला सांगितलंय."

सरांनी पेढा तोंडात टाकला. मशिनला कागद लावला, माझ्यासाठी खुर्ची ओढली. "बस मग. न्हावऱ्याच्या एसटीला वेळ हाय अजून."

एसटी मघाशीच गेली होती. तिचा हॉर्न आम्ही दोघांनीही ऐकला होता. मी बसले.