आभाळ धरणाऱ्या इंदिराबाई

ज्या गोष्टीचा फोटो ग्रुपवर पडला नाही ती घडलीच नाही, हे आता सर्वमान्य झालेलं आहे. नाशिकच्या 'छोटी रेल्वे, मोठ्या आठवणी' या ग्रुपचा तर तो पायाच. घरात छोट्या रेल्वेगाड्या पळवणारे हे सदस्य (सरासरी वय चौसष्ट, सरासरी शहाणपण अद्याप मोजलेलं नाही) दर रविवारी आपल्या गाडीचा फोटो आणि सोबत एक आठवण टाकतात. आठवण कोणाचीही चालते. फोटोत माणूस मात्र चालत नाही, कारण वीतभर इंजिनाशेजारी खरं बोट जरी दिसलं, तरी इंजिन खेळण्यातलं वाटू लागतं. या अपराधाला 'प्रमाणभंग' म्हणतात.

गंगापूर रोडच्या दिवाकररावांच्या हातून आजवर एकही प्रमाणभंग झाला नव्हता. हॉलमध्ये त्यांनी अख्खं देवळाली स्टेशन उभारलं होतं. सोफा त्यापायी केव्हाच गॅलरीत गेला होता. त्यांच्या फोटोतल्या आभाळाची तर ख्यातीच होती. आभाळ म्हणजे डबल बेडची निळी चादर, आणि ती धरून मागे उभ्या त्यांच्या पत्नी इंदिराबाई. (आभाळ हललं तर फोटो पुन्हा काढावा लागे. खांदेदुखीची तरतूद नियमांत नाही.)

इंदिराबाईंची साठी आली. मुलीचा, संपदाचा फोन आला, "बाबा, पडद्यावर आईचे फोटो दाखवायचेत. लग्नाचा अल्बम आहे माझ्याकडे, नंतरचे पाठवा."

दिवाकररावांनी मोबाईल पालथा घातला. इंजिनं पुढून, मागून, पोटाखालून सापडली. बायको सापडेना. एक आधार कार्डावरचा होता, पण तो खुद्द इंदिराबाईंनाही ओळखू येत नसे. दिवाकररावांना मनापासून लाज वाटली.

"अगं, सगळ्याच फोटोंत तू आहेस की. चादरीमागे."

"मग चादरच लावा हो पडद्यावर. लोक हार घालतील!"

हे वर्मी लागलं. त्यांनी बायकोला नवी पैठणी नेसायला लावली, स्टेशनापुढे उभं केलं आणि फोटो काढला. इंदिराबाई काय सुरेख हसल्या होत्या! दिवाकररावांनी तो लगेच पाठवला. हाताला वळण एकच, ग्रुपचं, त्यामुळे तो संपदाऐवजी ग्रुपवर गेला.

देवळाली कॅम्पच्या भारतने तत्परतेने लिहिलं, "सर, प्लॅटफॉर्म अप्रतिम! मधल्या बाई हलवता येतील का?" पाठोपाठ तिघांनी 'प्रमाणभंग' नोंदवला. एकाने दुःख व्यक्त केलं.

"ती माझी बायको आहे," दिवाकररावांनी टाइप केलं. वाचलं. खोडलं. मग घाईघाईने फोटो ग्रुपवरून उडवला आणि त्या गडबडीत मोबाईलमधूनही उडवला. वर लिहिलं, "क्षमस्व, चुकून आला."

"काय म्हणतायत?" इंदिराबाईंनी पदर सारखा करत विचारलं.

"छान आलीस म्हणतायत."

"हो का? मग तोच पाठवा संपदाला," त्या म्हणाल्या. फार खूश होत्या बिचाऱ्या.

दिवाकररावांना नावं ठेवणं सोपं आहे, अवश्य ठेवा. तेवढं झालं की आपल्या घरच्या मागच्या सहलीचे फोटो उघडा, आणि ते काढणारं माणूस त्यांत कुठे आहे ते दाखवा.