झिपरू अस्वल आणि महाराजांच्या जीपचे हूड

एका जंगलात, बाळांनो, आधी नाकं पुसा, एका जंगलात एक जुनी लष्करी जीप होती. सिंहमहाराजांच्या आजोबांनी तिच्यात बसून लढाई जिंकली होती. म्हणजे लढले इतर. आजोबांचे पोट स्टिअरिंगमागे अडकले होते, म्हणून ते शेवटपर्यंत जागचे हलले नाहीत. इतिहासात याला शौर्य म्हणतात.

दरवर्षी विजयदिनाला महाराज त्या जीपमधून मिरवत. विजयदिन यायचा भर श्रावणात, म्हणून जीपला कॅनव्हासचे हूड होते.

हूडची निगा भागीरथी घोरपड राखत असे. ती थकली आणि जागा झिपरू अस्वलाला मिळाली. जाताना तिने त्याला सगळे समजावले. धूळ कोरड्या ब्रशने झाडायची. मळ साध्या पाण्याने काढायचा, साबण लावायचा नाही. खडखडीत वाळल्याशिवाय घडी घालायची नाही. दरबारातून मधाचे पोळे येते, त्यातला मध आपला पगार आणि मेण हूडचे. ते वितळवून कापडाला चोळले की पाणी आत शिरत नाही.

झिपरूने यातले मधाचे पोळे तेवढे ऐकले.

आता अस्वलाने मध खायचा आणि मेण बाजूला ठेवायचे, हे बोलायला सोपे आहे. झिपरूने प्रयत्न केला. पण तोंडात आलेले मेण थुंकणे त्याला असभ्य वाटायचे. वर्षभरात हूडला मेणाचे बोटही लागले नाही. पावसापासून सुरक्षित झाले ते झिपरूचे पोट.

विजयदिन जवळ आला तशी त्याला हूडची आठवण झाली. हूड मळकट दिसले तर नोकरी जाणार, आणि नोकरीबरोबर पोळे. त्याने रिठ्याचा भरपूर फेस केला आणि हूड घसाघसा धुतले. घोरपडीने लावलेले जुने मेणही त्यात वाहून गेले. हूड मात्र लग्नाला निघाल्यासारखे दिसू लागले.

मिरवणूक निघाली आणि सर आली. हूड चाळणीसारखे गळू लागले. महाराजांची आयाळ नाकाला चिकटली.

"झिपरू," महाराज गुरगुरले, "हे काय चाललंय?"

झिपरूच्या डोळ्यांपुढे मधाच्या पोळ्यांविना रिकामी झाडे उभी राहिली. पुष्कळांना अक्कल भीतीनेच सुचते, तशी त्यालाही सुचली. त्याने हात जोडले.

"चूक माझीच आहे महाराज. आजोबांचं हूड मी पावसात आणायलाच नको होतं. ऐतिहासिक वस्तू कोणी भिजवतं का?"

महाराज ओशाळले. त्यांनी हूड तिथल्या तिथे काढायला लावले आणि भिजत भिजत पुढे निघाले. प्रजेने टाळ्या वाजवल्या. महाराणींनी तेवढे विचारले, "अहो, मग ते हूड आहे तरी कशाला?" पण महाराणींना इतिहासातले काही कळत नाही, असे दरबारात आधीच ठरलेले होते.

झिपरूने ओल्या हूडची घडी घालून ती गुहेत टाकली आणि तिच्यावरच ताणून दिली. महिन्याभराने उलगडले तर जागोजाग काळी बुरशी. वास असा, की दारावरून जाणाऱ्या तरसाने नाक धरले. आता मात्र आपले भरले, हे झिपरूला कळले. तो खरोखरच रडला.

इतक्यात महाराज हूड पाहायला आले. काळ्या ठिपक्यांवरून त्यांनी हळूच पंजा फिरवला. त्यांचे डोळे भरून आले.

"झिपरू," ते म्हणाले, "या खुणा आजोबांवर झाडलेल्या गोळ्यांच्या ना?"

झिपरू रडायचा थांबला.

"महाराजांच्या नजरेतून काही सुटत नाही," तो म्हणाला.

तेव्हापासून हूड दरबारात टांगलेले आहे. त्याला रोज हार पडतो. विजयदिनाला महाराज उघड्या जीपमध्ये भिजतात आणि पुढचे पंधरा दिवस डरकाळीच्या जागी शिंकतात. झिपरूला आता मधाची दोन पोळी मिळतात, एक पगाराचे आणि एक खुणा जपल्याबद्दल. खुणा पुसट होऊ नयेत म्हणून तो दर रविवारी त्यांच्यावर थोडे पाणी शिंपडतो.

तात्पर्य: वस्तूची नीट निगा राखली तर ती वर्षानुवर्षे कामाला येते, आणि कामाला येणाऱ्या वस्तूला कोणी हार घालत नाही. तेव्हा बाळांनो, मेण खुशाल खा आणि बुरशी धरेपर्यंत धीर धरा.