तोकुजींचे जड स्टीअरिंग

स्वतःच्या उणिवेची शंका येताच मौन धरणे हा विनयच होय. परंतु एखाद्या गावातील सारीच माणसे एका आठवड्यात विनयी झाली, तर सत्याला उभे राहण्यास जागा उरत नाही. यामाकुबो गावात त्या शरदात असेच घडले, आणि त्यात कोणाचाही हेतू वाईट नव्हता.

होसाका तोकुजी एकोणऐंशी वर्षांचे. डोंगरउतारावर त्यांची केशरी, गोड काकीफळांची बाग होती, आणि तेथवर नेणारा तेवीस वर्षांचा छोटा पांढरा ट्रक. त्या ट्रकचे स्टीअरिंग जड झाले होते. वळणावर तोकुजींच्या मुखातून निघालेला अस्फुट हुंकार शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नीने, किनुएबाईंनी, ऐकला.

"अहो, गाडी नव्हे, तुमचे खांदे जड झालेत."

"गाडीच आहे."

"आणि परवा लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडेना, तीही गाडीच होती का?"

हे सारे फोनवरून नागोयातील मुलाला, शूइचीला, कळले. रविवारी येतो, आणि वाहन-परवाना परत करण्याचा अर्जही घेऊन येतो, असे त्याने सांगितले. परवाना गेला म्हणजे बाग गेली. त्या चढावर बस जात नव्हती. रविवारच्या आत दोष गाडीचा आहे, हे तोकुजींना सिद्ध करणे भाग होते.

मंगळवारी त्यांनी शेजारच्या उशियामांना, वय शहात्तर, ट्रक चालवायला दिला. उशियामा पुलापर्यंत जाऊन परतले तेव्हा गार वाऱ्यातही त्यांच्या कपाळावर घाम होता.

"कसं वाटलं रे?"

"छान! अगदी लोण्यासारखं फिरतंय," उशियामा म्हणाले, आणि उजवा हात खिशात लपवून घाईने घरी गेले.

बुधवारी गॅरेजवाल्या मोगींनी ट्रकचा पुढचा भाग जॅकवर उचलला. "हे बघा तोकुजीसान, चाकं अधांतरी असताना स्टीअरिंग हलकं झालं, तर दोष खाली, टायरमध्ये. तरीही जड राहिलं, तर दोष वर, दांड्यात. यात चूक होणे नाही."

त्यांनी स्टीअरिंग फिरवले. ते जडच होते. नियमाप्रमाणे निदान तेथेच झाले असते. परंतु मोगी स्वतः एकाहत्तर वर्षांचे, आणि वसंतापासून त्यांच्या अंगठ्यावर उपचार चालू होते. ते बराच वेळ फडक्याला हात पुसत राहिले.

"काय झालं, मोगी?"

"गाडीत काही नाही. टायरमध्ये हवा जरा कमी होती."

"भरलीस?"

"भरली."

"मग आता?"

"आता... गाडीत काही नाही."

दोन जाणत्या माणसांनी निर्वाळा दिल्यावर तोकुजींचा स्वतःवरचा विश्वास उडाला. शनिवारी ते बागेत गेले, आणि काही काम नसताना प्रत्येक झाडापुढून एकदा चालून आले.

रविवारी शूइची पत्नी चिहारुसह आला. "मी स्वतःच चालवून बघतो," म्हणून तो ट्रक घेऊन गेला. चढावर तो तीन वेळा डोंगर पाहण्यासाठी थांबला. त्या दिवशी धुक्यामुळे डोंगर दिसत नव्हता. शूइची चोपन्न वर्षांचा होता, आणि पन्नाशीनंतर खांदे असे आखडायचेच, असे त्याला डॉक्टरांनी नुकतेच सांगितले होते.

"गाडी ठीक आहे, बाबा," तो परतून हळू आवाजात म्हणाला, आणि त्याने अर्ज मेजावर ठेवला. तोकुजींनी पेन उचलले.

तेवढ्यात अंगणातून चिहारुचा आवाज आला. ती ट्रक बाजूला घेऊ पाहत होती. "अहो, हे स्टीअरिंग कशात तरी अडकलंय!"

"अडकलं नाही गं, जुनं आहे ते," शूइची आतून म्हणाला.

"मला नका सांगू! वृद्धाश्रमात रोज ऐंशी किलोचे आजोबा उचलते मी. माझे हात मला ठाऊक आहेत. पाना-स्क्रूड्रायव्हर काय असेल ते आणा."

तिने स्टीअरिंगच्या दांड्यावरचे झाकण उघडले. आत रेशमी पिशव्यांचे अकरा ताईत दाटीवाटीने बसले होते, आणि त्यांचे दोरे दांड्याभोवती दोरखंडासारखे वळले गेले होते. प्रवास सुरक्षित व्हावा म्हणून किनुएबाई दर नववर्षाला मंदिरातून नवा ताईत आणत. जुना मंदिरात परत द्यायचा आणि तेथील अग्नीला अर्पण व्हायचा, अशी रीत.

"तुम्ही तर दर वर्षी देऊन आलो म्हणायचात!" किनुएबाई म्हणाल्या.

"ज्यानं वर्षभर राखलं, त्याला आगीत टाकायला कसं द्यायचं?" तोकुजी खाली पाहत म्हणाले. "तिथे एक फट होती."

दोरे कापताच स्टीअरिंग एका बोटाने फिरू लागले. शूइचीने ते दोनदा फिरवून पाहिले.

"बाबा, किती दिवस असं चालवत होतात?"

"बर्फ वितळल्यापासून."

"रोज?"

"बाग रोजच असते."

शूइचीने स्वतःचा खांदा चोळला, आणि मेजावरचा अर्ज घडी करून खिशात ठेवला.

तोकुजी तत्काळ उशियामांकडे गेले. उशियामांनी सारी हकीकत दारातच ऐकली.

"म्हणजे ते... गाडीचंच होतं?"

"गाडीचंच! तुला काय वाटलं?"

उशियामा आत गेले आणि टॅक्सीच्या सवलतीच्या कुपनांची एक कोरी वही घेऊन बाहेर आले. "शुक्रवारी परवाना परत देऊन आलो मी. पोलीस ठाण्यातल्या मुलीनं कमरेत वाकून निरोप दिला रे. फूलसुद्धा दिलं."

तेव्हापासून बाजाराच्या दिवशी तोकुजींचा ट्रक उशियामांच्या दारी थांबतो. उशियामा शेजारी बसतात, आणि प्रत्येक वळणावर स्टीअरिंग किती फिरवावे, ते सांगतात. त्या दोघांचा मार्ग निर्विघ्न असो. चालवणाऱ्याचे खांदे बळकट राहोत, आणि सांगणाऱ्याच्या मनाला शांती लाभो.