आत्याबाईंची हुकलेली शाल

श्रीगजाननास नमन, कुलदेवतेस नमन, आणि पडद्यासमोर भुईवर बसणाऱ्या मायबाप रयतेस त्रिवार नमन. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, मार्गशीर्षमासी चित्रराज्यात वर्तमान जाहले ते ऐसे. ज्या चित्राने खजिना भरला त्यास हत्ती, आणि ज्याचे काम पंचांच्या मनास आले त्यास शाल, हा तेथील शिरस्ता. त्या साली हत्ती तलवारींच्या चित्रास गेला. कथा शोधू जाता सापडेना, परंतु गल्ला उदंड, मग कोण बोलतो! राहिली शाल. मथुराबाई ढवळे म्हणोन नटी होत्या, जन्मभर आत्या, मावश्या आणि सासवा होत आल्या. जत्रेच्या तंबूत बाई पडद्यावर दिसताच रयत "आत्याबाई आल्या!" म्हणोन गर्जना करी आणि शिट्ट्यांनी कनात हाले. शाल मात्र कधी खांद्यावर पडली नाही, आणि बाईंस ते फार लागे. थोरल्या बहिणीस म्हणत, "लोकांनी डोक्यावर घेतलं गं, पण जाणत्यांनी एकदा तरी बरं म्हणावं की नाही?"

त्या सालच्या चित्रात भाचा आत्यास घराबाहेर काढितो आणि लाजेकाजेस्तव पुसतो, "परत कधी येशील?" बाई म्हणतात, "बोलावलंस तर लगेच, नाही बोलावलंस तर उद्या." आणि पदर सावरीत उगीच उभ्या राहतात, मग हळूच पुसतात, "जेवलास का?" पंचांची रीत ऐसी की, रयतेच्या कल्लोळाने मती ढळू नये म्हणोन दार लावून, रिकाम्या महालात चित्र पाहावे. तेथे ती स्तब्धता फारच लांबली. मुख्य पंच दिगंबरपंत अष्टेकर बोलिले, "बाई पुढलं वाक्य विसरल्या." झाले! शाल दुसऱ्या एका गुणी मुलीस लिहिली आणि शिक्का उमटला.

मग दरबार भरला आणि शालीचे तबक धरावयास, नशीब पाहा, मथुराबाईंसच उभे केले. इतक्यात मागील रयत उठली, "आत्याबाई दाखवा!" म्हणोन हटूनच बसली, आणि महाराजांनी आज्ञा केली. पडद्यावर बाई "उद्या" म्हणाल्या आणि सारा दरबार खदखदा हसला, आणि हसू ओसरता ओसरता "जेवलास का?" ऐसे आले, तो सर्वांचे डोळे भरले. दिगंबरपंतही हसले होते, रडलेही. ते उठोन तबकापाशी आले आणि म्हणाले, "बाई, ती जागा आम्हांस कळली नाही."

"तुमच्या हसण्यासाठीच ठेवली होती, पंत. तुम्ही एकटे आलात."

"आता काय करावे?"

"शाल मला हवी होती. अजून हवी आहे. पण शिक्का झाला, आणि पोर वाट पाहते आहे."

ऐसे म्हणोन बाईंनी आपल्या हाते शाल त्या मुलीस पांघरली, काठ नीट केला आणि तबक रिकामे घेऊन उभ्या राहिल्या.

पुढील साली पंच रयतेत बसोन चित्रे पाहू लागले. त्या साली मथुराबाईंचे चित्रच नव्हते. बाई मात्र आल्या, भुईवर बसल्या, आणि पडद्यावर एक नवखी नटी वाक्य बोलून उगीच थांबली, तेथे सर्वांच्या आधी हसल्या.

इतके वर्तमान. हत्ती कोणाचा होता हे आता लोकांस आठवत नाही. आत्याबाई म्हटले की अद्याप हसतात.