समिधाचा कंडक्टर

आपल्या घरातली माणसं आपल्याला तळहातासारखी ठाऊक आहेत, असं कमलेशचं ठाम मत होतं. बाबांना कधी काय सांगायचं, चिमाआत्यापासून काय लपवायचं, याचं शास्त्रच त्यानं बनवलं होतं म्हणे! त्या शास्त्रानुसार त्यानं घरी एवढंच सांगितलं, की मुलगी खालापूरची आहे, कर्जतच्या शाळेत शिकवते, नाव समिधा, रविवारी बघायला जायचंय. सिंफनीचा विषय त्यानं मुद्दामच काढला नाही. पोशीर गावच्या घराच्या ओट्यावर बसून भाताच्या भावाबद्दल बोलणाऱ्या बापाला सिंफनी कशी समजावणार? जे समजणार नाही ते सांगायचंच नाही, म्हणजे घोटाळा नाही. इतकं साधं होतं ते!

आता हा सिंफनीचा नाद त्याला लागला कुठून, तर भिवपुरीत. वीजकेंद्रातून निवृत्त झालेले एक इंजिनिअर रविवारी दुपारी घरी चारदोन माणसं जमवून विलायती वाद्यवृंद ऐकवायचे. कमलेश कर्जतच्या पतसंस्थेत कामाला. भिवपुरीला गेला होता इंजिनिअरसाहेबांची सही घ्यायला, आणि बसला तो बसलाच. खिडकीबाहेर डोंगर उन्हात पेंगत होता, आत पन्नास-साठ व्हायोलिनं एकदमच श्वास घेत होती, आणि कोपऱ्यातल्या वेताच्या खुर्चीत एक मुलगी डोळे मिटून बसली होती. ती समिधा. त्या दुपारपासून कमलेशचे पाय जमिनीला नीट टेकलेच नाहीत. पतसंस्थेत तो पासबुकावर शिक्का मारायचा तोसुद्धा तालात!

दोघांचं सगळं जुळलं. एकच गोष्ट जुळेना. समिधाचा जीव लिंडेनबाख नावाच्या वृद्ध जर्मन कंडक्टरवर. वाद्यवृंदासमोर काठी घेऊन उभा राहतो तो कंडक्टर. हा बाबा सिंफनीचा संथ भाग इतका संथ न्यायचा, की मधल्या शांततेत माणसानं कपडे वाळत घालून यावं. कमलेशचा हीरो पालुम्बी. तरुण, इटलीचा, चपळ. एकच सिंफनी, तेच सूर, पण एकाला ती नदी वाटायची आणि दुसऱ्याला धबधबा. यावरून दोघं असे भांडायचे, की इंजिनिअरसाहेब मध्येच उठून चहा टाकायला जायचे.

बघण्याच्या आदल्या संध्याकाळी हे भांडण फोनवर झालं. कमलेश ओट्यावर येरझाऱ्या घालत होता. चिमाआत्या दाराआड सूप घेऊन तांदूळ निवडत होती. तिला ऐकू आलं ते फक्त अलीकडचं, कमलेशचं बोलणं.

"अगं, तो कंडक्टर तुला आवडतो, ठीक आहे! पण आपल्या दोघांत त्याला कशाला आणतेस?"

आत्याचा हात सुपातच थांबला.

"म्हातारा झालाय तो! हात थरथरतात त्याचे!... सावकाश नेतो म्हणजे किती सावकाश? मध्येच थांबतो काय, सगळ्यांना ताटकळत ठेवतो काय!... माहितीये मला, डोळे मिटून त्याच्याबरोबर वाहत जातेस ते!... बरं बाई, लग्नानंतर आण त्याला घरी. मी गप्प बसेन!"

यावर पलीकडून समिधा जे म्हणाली ते आत्याला ऐकू आलं नाही, आणि खरं महत्त्वाचं तेच होतं. "कमलेश, मला बरं वाटावं म्हणून हो म्हणू नकोस," ती म्हणाली. "खोटं हो म्हणणारा नवरा मला नको. उद्या बघू." आणि फोन ठेवला. कमलेश ओट्याच्या कडेला बसून राहिला. कापलेल्या शेतावर धुकं उतरत होतं, पेंढ्याचा वास येत होता, आणि पोरीला गमावण्याच्या भीतीनं त्याच्या पोटात खड्डा पडला होता. भांडलं तरी पंचाईत, मान डोलावली तरी पंचाईत!

आत मात्र वेगळाच खड्डा खणला जात होता.

"नागूदादा, पोरगी कंडक्टरच्या नादाला लागलीय!" आत्या कुजबुजली.

"कंडक्टर? यश्टीचा?"

"मंग काय इमानाचा? म्हातारा हाय म्हनं. गाडी सावकाश नेतो. आन आपला येडा सांगतोय, लगीन झाल्यावर घेऊन ये त्याला घरात!"

कमलेशच्या बापानं, नागूनं, डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली. खालापूरच्या रस्त्यावर म्हातारा कंडक्टर म्हणजे एकच, त्याचा शाळासोबती धोंडी! निवृत्तीला आलेला, तिकिटाचं मशीन धरताना हात थरथरणारा. पोराला विचारावं तर पोरगं आधीच हवेत. शेवटी आत्यानंच तोड काढली. धोंडीलाही बघायला न्यायचं, समोरासमोर उभं करायचं, आणि पोरीचा चेहरा बघायचा.

धोंडी बिचारा नवी पँट घालून आला. फुकटचे पोहे मिळणार म्हणून नाश्ताही करून आला नव्हता.

खालापूरच्या घरात समिधा आणि तिची आई विनिता, दोघीच. पुढच्या खोलीत ऊन तिरपं पडलं होतं, पडदा हलत होता. कमलेश बसल्या बसल्या तरंगायला लागला. समिधा चहा-पोह्यांचा ट्रे घेऊन आली, आणि धोंडीला बघून तिचा चेहरा खुलला.

"अय्या, काका! तुम्ही? आज गाडी सोडून आलात?"

"तुझ्यासाठीच आलो, पोरी!" धोंडी तोंडभर हसला.

चिमाआत्यानं नागूला असा चिमटा काढला, की त्याच्या बशीतला चहा सांडला. नागूनं घसा साफ केला.

"पोरी, आडपडदा नको. त्या कंडक्टरचा इषय खरा हाय का?"

समिधाचे डोळे चमकले. "कमलेशनं सांगितलं तुम्हाला? खरा म्हणजे काय! कॉलेजात असल्यापासून."

"कालिजापासनं!" आत्यानं कपाळावर हात मारला.

"आईलाही आवडतात ते," समिधा म्हणाली.

सगळ्यांच्या माना विनिताकडे वळल्या. विनिता जराशी लाजली. "सुरुवातीला मला त्यांच्यासोबत झोपच यायची. आता मात्र त्यांच्याशिवाय संध्याकाळ जात नाही."

धोंडीच्या घशात पोहे अडकले.

इकडे कमलेशला हे सगळं दुरून, पाण्याखालून ऐकू यावं तसं येत होतं. आपला बाप लिंडेनबाखबद्दल विचारतोय! सिंफनीत रस घेतोय! आपण उगाच लपवलं! डोळ्यांपुढे पोशीरचा ओटा दिसू लागला, संध्याकाळ, शेजारी समिधा, बाबा विडी विझवून संथ भाग ऐकताहेत.

"लगीन झाल्यावर सोडशील ना त्याला?" नागूनं काकुळतीनं विचारलं.

"का सोडायचं? उलट पोशीरला जास्त मजा! ओट्यावर बसायचं, समोर शेत, आणि ते."

"आन आमचा कमलेश?"

"त्याचं दुसऱ्यावर प्रेम आहे. तरुण आहे तो, चपळ. आमचं भांडण आहे ते त्यावरूनच!"

नागू ताडकन उभा राहिला. "कमलेश! तुझा पन कंडक्टर हाय?"

कमलेश स्वप्नातून उठला तो डोळ्यांत पाणी घेऊनच. "हो बाबा. पण समिधासाठी मी त्याला सोडायला तयार आहे!"

"अगं आये!" चिमाआत्या भिंतीला टेकली. "दोगांचे बी कंडक्टर! आन आईचा बी!"

"नागू, देवाशप्पथ सांगतो," धोंडी बशी ठेवून हात जोडत उठला, "मी कुनाला नेलं नाय, कुनाला आनलं नाय! पोरीसाठी गाडी दोन मिंटं थांबवत होतो, तेवडाच माझा गुन्हा! माझ्या बायकोच्या कानावर जाऊ देऊ नका रं!"

समिधानं धोंडीकडे पाहिलं, त्याच्या खिशातून डोकावणाऱ्या शिट्टीकडे पाहिलं, चिमाआत्याकडे पाहिलं. "कंडक्टर," ती हळूच म्हणाली, आणि मग जी हसत सुटली, ती ट्रेसकट खालीच बसली! हसत हसतच तिनं सगळं सांगितलं. वाद्यवृंद म्हणजे काय, तिथला कंडक्टर कोण, तो लोकांकडे पाठ करून कसा उभा राहतो.

"पाठ करून?" आत्यानं विचारलं. "मंग तिकीट कसं देतो?"

"तो वाजवत नाय, गात नाय," नागू म्हणाला, "तर पगार कशाचा घेतो?"

पण विनिता हसत नव्हती. तिचा चेहरा उतरला होता. "म्हणजे तुम्ही माझ्या मुलीची परीक्षा घ्यायला माणूस घेऊन आलात?" ती म्हणाली. "आणि माझ्याबद्दलही...?"

नागूनं मान खाली घातली. समिधाचं हसू ओसरलं. तिनं ट्रे उचलून कडेला ठेवला आणि ती आईशेजारी जाऊन बसली. उठून जावं लागणार, हे दार पुन्हा उघडणार नाही, असं त्याला स्पष्ट दिसलं. रडूच यायचं बाकी होतं.

"काकू, चुकलं माझं," तो म्हणाला. "घरच्यांना कळणार नाही म्हणून मीच काही सांगितलं नाही. त्यांना एकदा ऐकवा. मग हाकला आम्हाला."

समिधानं आईकडे पाहिलं. विनितानं मान हलवली, हो म्हणून की नको म्हणून ते कळलं नाही. समिधा उठली आणि तिनं स्पीकर लावला.

संथ भाग सुरू झाला. आधी नुसतीच खर्जातली व्हायोलिनं, कुणी दुरून हाक मारत येत असल्यासारखी. ऊन भिंतीवरून सरकलं. आत्यानं डोक्यावरचा पदर सावरला आणि हात तसाच राहिला. धोंडीनं डोळे मिटले. नागू दोन्ही हात मांडीवर ठेवून समोर बघत होता, पण खोलीतलं काही बघत नव्हता. एक बासरी उठली, एकटीच, आणि इतकी हळू वर गेली की कमलेशला वाटलं, आपण सगळेच या खोलीसकट वर जातोय, खाली खालापूर, खाली भातखाचरं, खाली सगळी भांडणं. त्याला काही जिंकायचंच राहिलं नाही. विनितानं पदराच्या टोकानं डोळे पुसले.

सूर थांबले. नागू मात्र घोरत होता. मग विनिताच म्हणाली, "बसा. पोहे गरम करते." आणि कमलेशच्या छातीवरचा धोंडा उतरला.

तो समिधाजवळ सरकला. मान डोलवायची की नाही, हा प्रश्नच त्याला आठवला नाही.

"तुझंच खरं," तो म्हणाला. मनापासून म्हणाला. "इतके दिवस मी बहिरा होतो. हे पालुम्बीला सात जन्मांत जमणार नाही. लिंडेनबाख तो लिंडेनबाखच!"

समिधा त्याच्याकडे बघत राहिली. तिनं हसू ओठांत दाबलं.

"कमलेश," ती म्हणाली, "हा पालुम्बी होता. तू येणार म्हणून सकाळपासून तुझाच काढून ठेवला होता."

कमलेशनं आधी स्पीकरकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"पण खोटं नाही बोललास," ती म्हणाली, आणि सगळ्यांसमोर त्याचा हात धरला. "माझा होकार आहे."

लग्न झालं, थाटात झालं. आता पोशीरच्या ओट्यावर रोज संध्याकाळी दोघांपैकी एक कंडक्टर हजर असतो. चिमाआत्याचं मत आहे की इटलीवाला मधी जरा घाई करतो. नागूला जर्मन पसंत, कारण त्याच्यात झोप पुरी होते. धोंडी निवृत्त झाल्यापासून मुद्दाम येतो, आणि दोघांची तुलना करताना तासभर थांबत नाही. समिधा सगळ्यांची मतं मन लावून ऐकते, वाद घालते, कधी कधी पटवूनही घेते.

कमलेशला मात्र कुणी विचारत नाही. तो आपला चहा आणून देतो.