माळावरचे चार पांढरे दगड

एका जंगलात सगळं काही होतं, मुलांनो. झाडं होती, झरे होते, सिंह तर होताच. आणि जंगल जिथे संपायचं, तिथे एक माळ होता. गुडघाभर गवत, चार-दोन बोरीची झुडपं आणि पुष्कळ गोटे. जंगलातले लोक त्याला पडीक म्हणत. माळावर राहणाऱ्यांना काय वाटतं, हे कोणी विचारलं नव्हतं.

एके दिवशी सिंहमहाराजांच्या कानावर आलं, की शेजारच्या राज्याने आपल्या माळाचं अभयारण्य केलंय. महाराजांनी संध्याकाळच्या आत आपल्याही माळाचं अभयारण्य केलं. म्हणजे एक पाटी लावली आणि पाटीखाली बाळकोबा साळिंदराला बसवलं.

साळिंदरालाच का? तर त्याच्या पाठीवर लेखण्या भरपूर होत्या. तो मुळात रात्री जागणारा प्राणी, आणि नोकरी दिवसाची. पण त्याने फार कुरकुर केली नाही. तो बसल्या बसल्या झोपायला शिकला.

पहिल्याच आठवड्यात माकडांची सहल आली.

“काका, इथे बघायचं काय?”

“गवत.”

“आणि?”

साळिंदराने विचार केला. “वारा आला की हलणारं गवत.”

माकडांनी पाटीजवळ बसून शेंगा खाल्ल्या, टरफलं टाकली आणि अभयारण्य पाहून झालं म्हणून परत गेली.

खरं तर त्यांच्यापासून वीस पावलांवर बघण्यासारखं बरंच होतं. तिथे सगुणा टिटवीची चार अंडी होती. उघड्या जमिनीवर एक उथळ खळगा, त्यात मातकट, काळ्या ठिपक्यांची अंडी. गोट्यांत गोटे. समोर उभं राहिलं तरी दिसायची नाहीत. गेल्या वर्षीची मुंगसाने खाल्ली होती, म्हणून सगुणाने यंदा जागा फार विचार करून निवडली होती. आता फुटायला दोनच दिवस राहिले होते.

आणि नेमका तेव्हाच हुकूम आला : परवा सकाळी गवेसाहेब पाहणीला येणार.

साळिंदर खडबडून जागा झाला. साहेब येणार म्हणजे काय करायचं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. रस्ता आखायचा, दोन्ही कडांना गोल दगड लावायचे, दगडांना चुना फासायचा आणि दर पाचव्या दगडाला गेरू. त्याने रखमाजी सशाला कुंचला दिला आणि दोघे रस्ता आखायला निघाले.

सगुणाने ते पाहिलं. तिच्या घराण्यात अशा वेळी काय करायचं ते ठरलेलं होतं. अंडी एकीकडे, आरडाओरडा दुसरीकडे. ती लांब बोरीपाशी गेली, एक पंख मोडल्यासारखा लोंबता सोडला आणि माळ डोक्यावर घेतला.

साळिंदर थांबला. तो मनाने वाईट नव्हता.

“रखमाजी, बाईंची अंडी त्या बोरीपाशी दिसतात. बाळंतिणीला त्रास नको. रस्ता इकडून वळव.”

इकडून म्हणजे कुठून, ते तुम्ही ओळखलंच असेल.

सगुणा धावत परत आली, तोवर रखमाजी कपाळावरचा घाम पुसत होता.

“हे चार धोंडे आयतेच मिळाले बघा, रावसाहेब. कसे एकसारखे गोल!”

चारही अंडी पांढरीशुभ्र झाली होती. त्यातलं एक पाचव्या नंबरावर आलं, त्याला गेरू लागला होता.

“अहो रावसाहेब, ती माझी अंडी आहेत!”

“बाई, तुमची अंडी बोरीपाशी आहेत. तुम्हीच तर ओरडत होता.”

“ती ओरडायची पद्धत आहे आमची!”

“असेल. पण आता त्यांना चुना लागला. चुना लागलेला दगड सरकारी असतो. त्यावर बसता येणार नाही.”

सगुणाला अंड्यांपासून बाजूला व्हावं लागलं. ऊन चढत होतं. तेवढ्यात गवतातून मुंगूस आलं, गेल्या वर्षीचंच. चार पांढऱ्या दगडांवरून त्याची नजर फिरली, फिरली आणि पुढे गेली. त्याला काही दिसलं नाही. चुना लावलेल्या दगडाकडे बघायची सवयच कोणाला नसते.

सगुणा विचारात पडली. मग साळिंदराला म्हणाली, “रावसाहेब, साहेबांना दाखवायला तुमच्याकडे एखादा पक्षी आहे का?”

 साळिंदराला माकडांची सहल आठवली.

“मी बसते,” सगुणा म्हणाली. “दगडांवर. नमुना म्हणून. परवापर्यंत हलणार नाही.”

“अजिबात हलायचं नाही? ओरडायचं पण नाही?”

“मी कशाला हलते?”

साळिंदराला वाटलं, टिटवी फसली. सगुणाने त्याला तसं वाटू दिलं.

ठरल्या दिवशी गवेसाहेब आले. भला मोठा देह, पांढरे पायमोजे घातल्यासारखे पाय. त्यांनी चौफेर पाहिलं.

“माळ कुठे आहे?”

“हाच साहेब.”

“इथे तर काहीच नाही! झाडं लावा. सावली नाही ते कसलं अभयारण्य?” असं म्हणत साहेबांनी अभयारण्यातलं बरंचसं गवत खाल्लं. “दगड मात्र सुरेख मांडलेत हो.”

साळिंदराचे काटे आनंदाने उभे राहिले.

“फक्त हे चार ओळीतून जरा बाहेर आलेत,” साहेब म्हणाले आणि त्यांनी दगड आत सरकवायला खूर उचलला.

सगुणा नमुना होती. हलायचं नाही, ओरडायचं नाही, असं तिने कबूल केलं होतं. ती उठली, पंख पसरून खुराखाली उभी राहिली आणि साहेबांच्या तोंडावर अशी किंचाळली, की एवढा मोठा गवा तीन पावलं मागे सरला.

“बाळकोबा! तुमचा नमुना ओरडतो?”

साळिंदर काही बोलणार, तोच गेरूचा दगड तडकला. आतून एक ओलं पिल्लू बाहेर आलं. त्याने साहेबांकडे पाहिलं, त्याला ते विशेष वाटले नाहीत, आणि ते गवतात शिरलं.

“हे काय?”

साळिंदराने घाईघाईने हिशेब केला. खरं सांगावं, तर अंड्यांना चुना फासल्याचं कबूल करावं लागणार. त्याने घसा खाकरला.

“साहेब, प्रायोगिक तत्त्वावर आपण दगड उबवतोय.”

“अस्सं!” साहेबांचे डोळे विस्फारले. “मग सगळेच उबवा ना!”

तेवढ्यात उरलेले तीन दगडही फुटले. पिल्लं आईमागोमाग पळाली आणि पाच पावलांवर गवतात दिसेनाशी झाली. त्या माळाला पडीक का म्हणू नये, हे त्या दिवशी फक्त त्यांना कळलं असेल.

पुढे माळावर झाडं लागली की नाही, मला ठाऊक नाही. पण त्या जंगलातल्या साऱ्या कोंबड्यांना एकेक पांढरा दगड वाटला गेला आणि त्या अजून बसून आहेत. साळिंदराला बढती मिळाली. आता तो आडवा होऊन झोपतो.

आणि सगुणा? पुढच्या उन्हाळ्यात तिने चार अंडी घातली. मग रखमाजीकडे गेली आणि म्हणाली, “भाऊ, जरा वाटीभर चुना द्या.”

तात्पर्य : मुलांनो, वरवर पाहू नये असं तुम्हाला शाळेत सांगतील. पण अभयारण्यात गेलात, तर रस्त्याच्या कडेचे पांढरे दगड तेवढे नीट पाहा. मोठे साहेबही तेवढेच पाहतात. बाकीच्या माळाला त्यामुळेच जगायला बरं पडतं.